सोलापूरच्या मातीतून चित्रकाराचा तपकिरी रंग: निवडीपासून घोटण्यापर्यंत

रंगसाहित्याच्या दुकानात यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर या नावांनी ज्या नळ्या मिळतात, त्यांतील रंग मुळात माती आहे. सिएना हे इटलीच्या टस्कनी प्रांतातील शहर आहे आणि उत्तम अंबर सायप्रस बेटावरून येते. तरीही या रंगांना पिवळी-तपकिरी छटा देणारी लोहाची संयुगे सोलापूरच्या आसपास खोदलेल्या जवळजवळ प्रत्येक विहिरीच्या ढिगाऱ्यात कमी-अधिक प्रमाणात सापडतात. कलाशिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि हौशी चित्रकारांनी आपल्या भागातील मातीपासून स्वतः रंग करून पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र तो रंग वर्षानुवर्षे टिकावा आणि विकतच्या चांगल्या रंगाशेजारी उणा दिसू नये, असे वाटत असेल तर मातीच्या निवडीत आणि तिच्या धुलाईत घाई चालत नाही. घोटण्याचे कसब हळूहळू हातात येते, पण चुकीची किंवा नीट न धुतलेली माती कितीही घोटली तरी तिचा रंग होत नाही.

रंग कशामुळे येतो

पिवळी माती पिवळी दिसते ती गोएथाइट या खनिजामुळे. त्यात लोह आणि ऑक्सिजन यांच्यासोबत पाणीही रासायनिक रूपाने बांधलेले असते. तांबड्या मातीत हेमेटाइट असते, आणि त्यात हे बांधलेले पाणी नसते. गोएथाइट सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यातील पाणी निघून जाते, शुद्ध खनिजाचे वजन सुमारे १० टक्क्यांनी घटते आणि उरते ते हेमेटाइट. रॉ सिएना भाजून बर्न्ट सिएना तयार होते ते याच क्रियेने, आणि ही क्रिया घरच्या अंगणातही करता येते. अंबरमध्ये लोहाबरोबर मँगनीजची ऑक्साइडे साधारण ५ ते २० टक्के असतात. त्यामुळे त्याचा तपकिरी रंग गडद आणि काहीसा थंड दिसतो, आणि मँगनीज तेलाच्या वाळण्याला वेग देत असल्यामुळे तैलरंगात अंबर इतर रंगांच्या आधी सुकते.

नळी विकत घेताना तिच्यावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय ठेवावी. आत कोणते रंगद्रव्य आहे ते सांगणारा निर्देशांक तेथे छापलेला असतो: नैसर्गिक सिएना आणि अंबर यांचा पीबीआर ७ (PBr7), नैसर्गिक पिवळ्या मातीचा पीवाय ४३ (PY43) आणि नैसर्गिक तांबड्या मातीचा पीआर १०२ (PR102). ‘बर्न्ट सिएना’ असे नाव असलेल्या नळीवर पीआर १०१ (PR101) लिहिलेले असेल, तर आत कारखान्यात बनवलेले कृत्रिम लोह ऑक्साइड आहे. ते वाईट नसते, उलट अधिक झाकणारे आणि अधिक जोरकस असते. परंतु नैसर्गिक मातीत क्ले (अतिसूक्ष्म चिकणमाती) आणि सिलिका (वाळूतील मुख्य द्रव्य) यांचे कण मिसळलेले असल्यामुळे तिच्यात जो पारदर्शक, मवाळ उजेड उतरतो तो त्यात मिळत नाही.

लोहाची ही संयुगे आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेली असल्यामुळे ऊन आणि हवा त्यांचे फारसे काही बिघडवू शकत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवर पिवळी आणि तांबडी माती, हिरवी माती आणि काजळीचा काळा यांनी रंगवलेली चित्रे आजही पाहता येतात, यामागे कारागिरांच्या कौशल्याइतकाच या द्रव्यांचा स्थिर स्वभाव आहे. मात्र प्रत्येक तपकिरी माती अशी टिकाऊ नसते. व्हॅन डाइक ब्राउन नावाचा जुना रंग कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या कोळसट मातीचा असे आणि तो उजेडात फिका पडतो. शेणखत घातलेली बागेतील गडद माती रंगासाठी का घेऊ नये, याचे उत्तर यातच आहे.

कोणती माती घ्यावी

सोलापूर म्हटले की डोळ्यांसमोर काळी माती येते, आणि नवख्याचा हात साहजिकच तिच्याकडे जातो. ज्वारीला ओल धरून ठेवणारा तिचा जो गुण, तोच रंगासाठी दोष ठरतो. काळ्या मातीतील क्ले मुख्यत्वे माँटमोरिलोनाइट गटातील असते. ती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात रानात ज्या भेगा पडतात, त्याच भेगा लहान प्रमाणात कागदावरच्या थरातही पडतात. शिवाय तिचा काळेपणा ओली असतानाच डोळ्यांत भरतो. वाळल्यावर उरतो तो निस्तेज करडा-तपकिरी. पातळ हात देऊन सावलीची छटा म्हणून ती क्वचित वापरता येईल, पण रंगपेटीचा आधार म्हणून तिच्यावर विसंबू नये.

खरा रंग तिच्या खाली आहे. काळ्या मातीच्या थराखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा दख्खनचा पाषाण बनला. एक थर थंड होऊन त्याच्या माथ्याची झीज होऊन माती बनत असताना वरून पुढचा लाव्हा वाहिला, की मधली माती भाजून निघून तांबडी होई. बोअर मारताना ‘गेरू लागला’ असे जे म्हणतात, तो थर हाच. बोअरवाल्यांना तो नकोसा असतो, कारण तो ढासळतो आणि केसिंग वाढवावे लागते. चित्रकारासाठी मात्र निसर्गानेच भाजून ठेवलेला तो तांबडा-तपकिरी रंग आहे. नवी विहीर, शेततळे किंवा रस्त्यासाठी फोडलेली टेकडी यांच्या कापलेल्या बाजूला तो विटकरी पट्ट्यासारखा दिसतो. हाताला तो साबणासारखा गुळगुळीत लागला तर उत्तम समजावा.

पिवळा रंग मुरमात शोधावा लागतो. पाषाणाचा गोटा झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखी त्याची टरफले निघतात, आणि त्या टरफलांच्या फटींत पिवळसर-तपकिरी भुकटी जमलेली असते. संपूर्ण मुरूम कुटण्यापेक्षा ही भुकटी चाकूच्या टोकाने खरवडून घेणे कष्टाचे असले तरी रंग कितीतरी स्वच्छ मिळतो. जुन्या माळवदाच्या घरांवर टाकतात ती पांढरी माती मात्र या कामाची नाही; तिच्यात रंग देणारे लोह फारसे नसते.

अंबरच्या तोडीची माती या भागात शोधत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पाषाणात मँगनीज अगदी अल्प असते आणि त्याच्यापासून झालेल्या मातीतही ते अंबरइतके नसते. भाजलेल्या तपकिरी मातीत काजळीचा काळा किंचित मिसळून अंबरजवळची छटा साधते; ज्यांना अस्सल अंबरच हवे आहे त्यांनी ते भुकटीच्या रूपात विकत घ्यावे आणि पुढील घोटण्याच्या कृती त्यावर कराव्यात.

ज्यांना रानात जाणे शक्य नाही, त्यांना बाजारातून गेरू, पिवडी (पिवळी माती) आणि हुरमुंजी (तांबडी माती) घेता येईल. तुळशीवृंदावनाला लावण्यासाठी विकला जाणारा गेरू बहुधा चालतो, पण त्यात कधी कधी रासायनिक रंग मिसळलेला असतो, म्हणून पुढे दिलेली परीक्षा केल्याशिवाय तो वापरू नये.

माती कोठून घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. कारखान्याच्या सांडपाण्याच्या ओढ्यालगतची, गॅरेजजवळची किंवा नुकतीच फवारणी झालेल्या बांधावरची माती टाळावी. भुईकोट किल्ल्याच्या परिसरातील किंवा कोणत्याही संरक्षित स्मारकालगतची, तसेच जुन्या गढीची माती उकरू नये. मुरूम हे गौण खनिज आहे आणि त्याचे गाडीभर उत्खनन करायचे तर महसूल खात्याची परवानगी लागते. आपल्या कामाला किलो-दोन किलो पुरेसे असते. तेवढे शेतमालकाला विचारून, आधीच काढून टाकलेल्या ढिगातून घ्यावे, आणि पिशवीवर गाव, ठिकाण व खोली लगेच लिहून ठेवावी.

घरच्या घरी परीक्षा

पहिली परीक्षा बोटाची. चिमूटभर माती पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर बोटाने ओढावी आणि पूर्ण वाळू द्यावी. वाळल्यावर जो दिसतो तो तिचा रंग; ढेकळाचा रंग फसवा असतो. दुसरी परीक्षा व्हिनेगरची. मातीवर थोडे व्हिनेगर टाकल्यावर जोरात फेस आला, तर तिच्यात चुनखडी भरपूर आहे. सोलापूरकडच्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सर्रास असतात. ते हाताने वेचून काढावेत, उरलेला अंश धुण्यात कमी होतो. तो काढण्यासाठी मातीवर ॲसिड ओतू नये, कारण त्यातून तयार होणारे क्षार मातीतच राहतात आणि पुढे चित्रावर पांढरे फूल धरतात.

तिसरी परीक्षा विकतच्या गेरूसाठी. काचेच्या ग्लासात गरम पाणी घेऊन त्यात चमचाभर भुकटी ढवळावी आणि रात्रभर हलवू नये. सकाळी वरचे पाणी नितळ असेल तर ठीक. साका बसल्यावरही ते पारदर्शक गुलाबी किंवा नारिंगी राहिले, तर त्यात विरघळणारा रंग मिसळलेला आहे आणि तो माल बाजूला ठेवावा.

कुटणे आणि चाळणे

येथून पुढे नाकावर एन-९५ मास्क असल्याखेरीज काम करू नये. मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठत जाते. विकतच्या अंबरमध्ये त्याशिवाय मँगनीजही असते आणि ते श्वासातून जाणे घातक आहे. मुलांना बरोबर घेऊन हा उपक्रम करायचा असेल, तर त्यांना कोरड्या भुकटीचे काम देऊ नये, ओल्या मातीचे द्यावे.

ढेकळे उन्हात खडखडीत वाळवावीत. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला फारसा वेळ लागत नाही. वाळलेली माती लोखंडी खलबत्त्यात फोडावी. ठोसे जोरात देण्याचे कारण नाही. येथे आपल्याला मऊ माती खड्यांपासून सुटी करायची आहे, खडे दळायचे नाहीत. खडे दळले की त्यांची करडी भुकटी रंगात मिसळते आणि छटा मळकट होते. नंतर माती पिठाच्या चाळणीने चाळावी आणि वर राहिलेले कठीण खडे फेकून द्यावेत. या कामाला वापरलेला खलबत्ता, चाळणी आणि भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

धुणे आणि निथळणे

रंगाची प्रत ठरते ती या टप्प्यात. जड आणि भरड कण पाण्यात लवकर बुडतात, हलके आणि बारीक कण तरंगत राहतात, एवढ्या साध्या गोष्टीवर ही सारी क्रिया उभी आहे.

एक भाग माती आणि आठ-दहा भाग पाणी बादलीत घेऊन काठीने चांगले ढवळावे आणि माती रात्रभर भिजू द्यावी, म्हणजे तिच्यातील गुठळ्या आपोआप सुटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढवळून सुमारे एक मिनिट थांबावे आणि वरचे गढूळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बादलीत ओतावे. ओतताना धारेकडे नीट पाहावे: आधी ती दुधाळ आणि एकजीव असते, पण बादली कलती होत आली की तळाशी वाळूची एक काळपट कड सरकताना दिसते आणि धारेत बारीक रेघा उमटू लागतात. त्या क्षणी ओतणे थांबवावे. शेवटचा तांब्याभर गढूळ वाया गेला तरी चालेल, पण वाळू पुढे जाऊ देऊ नये.

दुसऱ्या बादलीतील पाणी पुन्हा ढवळून या वेळी जास्त थांबावे. कणाचा व्यास मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे २० मायक्रॉन असेल, तर त्याला १० सेंटीमीटर पाण्यातून तळाशी जायला सुमारे चार ते पाच मिनिटे लागतात. १० मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी पंधरा ते वीस मिनिटे लागतात. म्हणून पाच मिनिटांनी वरच्या १० सेंटीमीटरमधील गढूळ काढून घेतले, तर त्यात २० मायक्रॉनपेक्षा मोठे कण जवळजवळ नसतात, आणि तैलरंगासाठी ही बारकाई पुरेशी आहे. जलरंगासाठी वीस मिनिटे थांबून पुन्हा एकदा निथळावे. तळाशी उरलेला मधला साका फेकू नये; कॅनव्हासच्या पूर्वलेपात किंवा जाड पोताच्या कामात तो छान उपयोगी पडतो.

आपल्या पाषाणातील मातीत लोहचुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. ते कठीण असल्यामुळे पुढे घोटताना काचेवर ओरखडे पाडतात आणि पिवळ्या रंगाला काळवंडवतात. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गढूळ पाण्यात सावकाश फिरवावा. बाहेर काढल्यावर पिशवीवर काळी लव उभी राहिलेली दिसेल. पिशवी उलटी करून चुंबक काढला की ती लव गळून पडते. लव येणे थांबेपर्यंत हे करत राहावे.

पाण्याबद्दल सोलापूरकरांनी विशेष काळजी घ्यावी. येथील अनेक बोअरचे पाणी जड असते आणि त्यातील क्षारांमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळ्यांनी खाली बसतात. बारीक आणि भरड हा भेद मग नीट होत नाही. पहिली धुलाई नळाच्या पाण्याने केली तरी निथळण्याचे शेवटचे टप्पे पावसाच्या साठवलेल्या किंवा आरओच्या पाण्याने करावेत. साका लवकर बसावा म्हणून तुरटी फिरवण्याचा मोह होतो, कारण पिण्याचे पाणी निवळायला आपण तेच करत आलो आहोत; येथे मात्र तुरटीचे क्षार रंगात राहतात, म्हणून ती टाळावी आणि वाट पाहावी. अतिशय बारीक माती बसायला एक-दोन दिवसही लागतात.

साका बसल्यावर वरचे निवळ पाणी काढून टाकावे, नवे पाणी घालून ढवळावे, पुन्हा बसू द्यावे, आणि असे निदान तीन वेळा करावे, म्हणजे मातीतील विरघळणारे क्षार निघून जातात. नंतर दाट राबडी धुतलेल्या मांजरपाटावर ओतून त्याचे गाठोडे बांधून टांगावे. पाणी गळून गेले की गोळा ताटात पसरून, धूळ बसू नये म्हणून वरून कापड झाकून वाळवावा. वाळलेल्या वड्या हलक्या हाताने खलून वस्त्रगाळ कराव्यात. धुण्याचे गढूळ पाणी मोरीत ओतू नये, नळी हमखास तुंबते; ते झाडांना घालावे.

भाजणे

एकाच पिवळ्या मातीतून चार-पाच छटा मिळवण्याचा हा मार्ग आहे, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत आनंदाचा भाग आहे. जुनी लोखंडी कढई अंगणातील चुलीवर किंवा शेगडीवर ठेवून तिच्यात धुतलेली, पूर्ण वाळलेली माती बोटाच्या पेराएवढ्या थरात पसरावी. ओली माती कधीही तापवू नये, ती उडते. लोखंडी उलथन्याने सतत हलवत राहावे, नाहीतर तळची माती आधी तांबडी होते आणि वरची पिवळीच राहते.

थोड्या वेळाने पिवळा रंग आधी नारिंगीकडे, मग विटकरीकडे झुकतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गरम असताना ही माती नेहमीच अधिक गडद दिसते आणि थंड झाल्यावर उजळते. म्हणून कढईकडे पाहून निर्णय करू नये. दर काही मिनिटांनी चमचाभर माती काढून फरशीवर पसरावी, थंड होऊ द्यावी, आणि पाण्यात कालवून कागदावर पट्टी ओढावी. अशा पट्ट्यांची एक ओळ तयार झाली, की कोणत्या टप्प्यावर थांबायचे ते आपल्याला दिसेल. धूर किंवा करपल्याचा वास आला, तर मातीत वनस्पतींचा अंश आहे. तो जळून जाईपर्यंत भाजावे.

कढईत साधतो त्यापेक्षा जास्त ताव हवा असेल, तर कुंभाराला विनंती करून छोट्या झाकणबंद मडक्यात माती घालून त्याच्या आव्यात ठेवता येईल. तेथे ताव बराच वर जात असल्यामुळे रंग तांबड्यापलीकडे जांभळट तपकिरीकडे झुकतो. त्वचेच्या सावलीसाठी ही छटा सुंदर असते. गेरूच्या थरातील तांबडी माती मात्र भाजण्याने फारशी बदलत नाही, कारण तिच्यातील लोह आधीच हेमेटाइटच्या रूपात असते.

जलरंग घोटणे

जलरंगाचे बंधक, म्हणजे रंगाचे कण एकमेकांना आणि कागदाला धरून ठेवणारे द्रव्य, म्हणजे डिंक. जगभर त्यासाठी वापरला जाणारा गम अरेबिक बाभळीच्याच कुळातील झाडांचा असतो, आणि आपल्याकडील बाभळीचा डिंक त्याच्या जवळचा आहे. लाडवांसाठी डिंक विकणाऱ्या दुकानात बाभळीचा म्हणून मागावा आणि त्यातील फिके, स्वच्छ खडे निवडावेत. काळपट खडे रंगाला डागाळतात. धावड्याचा डिंक जास्त चिकट आणि लगद्यासारखा होत असल्यामुळे सुरुवातीला घेऊ नये.

डिंकाची एक वाटी पूड दोन वाट्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून मलमलीतून गाळावी. त्यात पाव वाटी मध आणि बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब घालावेत. मधामुळे वाळलेला रंग ठिसूळ होत नाही आणि ओल्या कुंचल्याला पटकन सुटतो. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत वड्या तडकू लागल्या तर मध थोडा वाढवावा. पावसाळ्यात केलेल्या वड्या चिकट राहिल्या तर कमी करावा.

जाड काचेचा तुकडा घेऊन त्यावर कार्बोरंडमची (घासण्यासाठी वापरतात त्या कठीण द्रव्याची) भुकटी आणि पाणी घालून दुसऱ्या काचेने घासावे, म्हणजे पृष्ठभाग दुधाळ आणि किंचित खरखरीत होतो. गुळगुळीत काचेवर घोटा, म्हणजे रंग घोटण्याचे सपाट बुडाचे काचेचे साधन, नुसता घसरतो. रंगाची भुकटी ढिगासारखी ठेवून मध्ये खळगा करावा, त्यात साधारण तितकेच डिंकपाणी घालून सुरीने कालवावे आणि मग काचेच्या घोट्याने इंग्रजी आठच्या आकारात घोटत राहावे. घोटा नसेल तर सपाट बुडाचा जड काचेचा पेपरवेटही चालतो. अधूनमधून कडेला पसरलेला रंग सुरीने मध्ये ओढावा. सुरुवातीला खर्‌खर्‌ असा आवाज येतो. तो मऊ होत गेला, घोटा काचेला ओढल्यासारखा लागू लागला आणि थराला सायीसारखी चकाकी आली, की रंग तयार झाला असे समजावे.

कागदावर पट्टी वाळल्यावर बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी आहे. पट्टी चकचकीत होऊन तडकली तर डिंक जास्त आहे. मातीत क्ले जितकी जास्त, तितका डिंक जास्त लागतो, म्हणून प्रत्येक मातीचे प्रमाण वहीत वेगळे लिहून ठेवावे. रिकाम्या छोट्या डब्यांत रंग भरताना एकदम भरू नये. मातीचे रंग वाळताना आक्रसतात, म्हणून दोन-तीन थरांत, प्रत्येक थर वाळवून भरावा.

याच धुतलेल्या मातीचा पाण्यात घोटलेला लगदा आणि तितकाच अंड्याचा पिवळा बलक एकत्र करून टेम्पेरा रंग होतो. तो त्याच दिवशी वापरावा.

तैलरंग घोटणे

तेलासाठी जवस हाच पहिला पर्याय. लाकडी घाण्याचे किंवा थंड दाबाने काढलेले, काहीही न मिसळलेले तेल घ्यावे. सोलापूर भागात करडई मुबलक पिकते आणि करडईचे तेलही चित्रकार वापरतात. ते जवसापेक्षा कमी पिवळे पडते, पण सावकाश वाळते आणि त्याचा थर तुलनेने कमजोर असतो. तपकिरी रंगांना तेलाच्या पिवळेपणाची बाधा फारशी दिसत नाही, त्यामुळे येथे जवस सोडून करडई घेण्याचे कारण मला दिसत नाही. शेंगदाण्याचे तेल मात्र कधीही वापरू नये, ते वाळतच नाही.

१० ग्रॅम भुकटीला ४ मिलिलिटर तेलापासून सुरुवात करावी. पहिल्यांदा मिश्रण कोरडे, भुसभुशीत वाटते आणि तेल वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण घोटू लागल्यावर तेच मिश्रण सैल पडते. मातीचे रंग, विशेषतः सिएना आणि अंबर, पुष्कळ तेल पितात. गरजेपेक्षा जास्त तेल राहिले तर थर काळानुसार गडद होतो आणि सुरकुततो. लोण्याप्रमाणे सुरीवर उभा राहील इतका घट्ट रंग झाला की रिकाम्या ॲल्युमिनियमच्या नळीत मागील बाजूने भरून टोक दुमडावे.

जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्यांबाबत अतिशय सावध राहावे. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते, आणि चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर तो स्वतःहून पेट घेऊ शकतो. चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. चिंध्या पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवाव्यात, किंवा अंगणात एकेक पसरून कडक वाळल्यावरच टाकाव्यात.

टिकाऊपणाची पडताळणी आणि नोंद

तयार रंगाची एक पट्टी जाड हाताने, एक पाण्याने किंवा तेलाने पातळ करून आणि एक पांढरा मिसळून ओढावी. मातीच्या रंगाचा स्वभाव पातळ पट्टीत सर्वाधिक उघडा पडतो: दिसायला सारख्या असलेल्या दोन तपकिरींपैकी एक पातळ केल्यावर सोनेरी होते, तर दुसरी गुलाबी. या पट्ट्यांचा अर्धा भाग काळ्या जाड कागदाने झाकून कागद दक्षिणेकडील खिडकीत दोन-तीन महिने ठेवावा. शुद्ध माती असेल तर झाकलेल्या आणि उघड्या भागांत फरक दिसणार नाही; उघडा भाग फिकटला असेल, तर भुकटीत कोणता तरी बाहेरचा रंग किंवा वनस्पतीजन्य अंश आहे आणि ती चित्रासाठी वापरू नये.

उरलेली भुकटी काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवावी. कोरड्या स्थितीत ती कधीही खराब होत नाही. चिठ्ठीवर गाव, माती काढल्याची खोली, तारीख, किती वेळा निथळली, किती वेळ भाजली आणि डिंक किंवा तेल किती लागले, एवढे लिहावे. त्याच विहिरीची माती पुढच्या वर्षी पुन्हा घेतली तर छटा थोडी वेगळी येणारच, म्हणून मोठे चित्र किंवा चित्रमालिका करायची असेल तेव्हा लागणारा सगळा रंग एकाच धुलाईतून आधीच तयार करून ठेवावा.